महदी : नाव जुळतं, बापाचं नाव जुळतं, मग पुढे काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शेवटच्या काळी इमाम महदी येणार असं सगळेच मुसलमान मानतात का? ते कल्की अवतारासारखंच आहे का? आणि मोबाइलवर ‘कयामतच्या सगळ्या निशाण्या पूर्ण झाल्या’ म्हणून जी यादी फिरते, जिच्यात हमखास ‘गजवा-ए-हिंद’ही (हिंदवरची स्वारी) असतं, तिच्यात तथ्य किती?

मी तीसेक वर्षं कॉलेजात मध्ययुगीन इतिहास शिकवला. डोळे गेले ते फारसी तवारिखा वाचण्यात. घर कोकणी मुसलमानाचं, दाभोळच्या खाडीजवळचं, त्यामुळे दज्जालच्या, म्हणजे शेवटच्या काळी येणाऱ्या तोतया मसीहाच्या, गोष्टी पुस्तकाआधी आजीकडून ऐकलेल्या. तेव्हा जमेल तसं सविस्तर सांगतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: सगळे मानत नाहीत, आणि जे मानतात त्यांचा महदी एक नाही. बहुतेक सुन्नी म्हणतील, तो अजून जन्मायचा आहे. बारा इमाम मानणारा शिया म्हणेल, जन्म होऊन साडेअकराशे वर्षं झाली, तो जिवंत आहे, फक्त दिसत नाही. हैदराबादच्या चंचलगुड्यातला महदवी म्हणेल, महदी आले आणि गेले, १५०५ साली वारले. अहमदी म्हणेल, पंजाबात कादियानला आले. आणि थोडे विद्वान असेही आहेत जे म्हणतात की असा कोणी यायचाच नाही, ही पुढे रचलेली कथा आहे. हे सगळे एकच कुराण वाचतात.

कुराणात तारणहार या अर्थाने महदी नाही. दज्जालही नाही. कयामत मात्र पानोपानी आहे. शेवटी सुटून येणारे याजूज-माजूज हे उपद्रवी लोक आहेत, जमिनीतून निघून माणसांशी बोलणारा एक प्राणी आहे, आणि हजरत ईसा (म्हणजे येशू) ‘त्या घटकेची खूण’ आहेत असा अर्थ लावता येईल अशी एक आयत आहे. पण ती घटका कधी येणार, याचं ज्ञान अल्लाहखेरीज कोणाला नाही, हेही कुराण पुन्हा पुन्हा बजावतं. बाकीचा सगळा तपशील हदीसमधून येतो, म्हणजे पैगंबरांच्या नावे सांगितलेल्या, एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगत आलेल्या कथनांमधून. त्यातही बुखारी आणि मुस्लिम या सर्वांत भरवशाच्या मानलेल्या दोन संग्रहांत महदीचं नाव घेऊन एकही हदीस नाही. ती आहेत अबू दाऊद, तिरमिजी, इब्न माजा यांच्याकडे. अबू दाऊदने तर महदीवर वेगळं प्रकरणच केलं आहे. इब्न माजाकडे उलट ‘ईसाखेरीज कोणी महदी नाही’ असंही एक कथन सापडतं. बहुतेक मुहद्दिस, म्हणजे हदीसचे जाणकार, ते कच्चं मानतात.

या तुकड्यांची जी एक सलग गोष्ट लोकांच्या तोंडी झाली, ती अशी: जग जुलमाने भरून जाईल, मक्केत काबागृहापाशी लोक महदीच्या हातावर बैअत करतील, म्हणजे निष्ठेची शपथ घेतील, तीही त्याची इच्छा नसताना, तो जग न्यायाने भरेल. मग एका डोळ्याने आंधळा दज्जाल येईल. दमास्कसच्या पूर्वेकडच्या पांढऱ्या मिनारापाशी हजरत ईसा उतरतील आणि लुद गावाच्या वेशीवर दज्जालला मारतील. हे लुद आजच्या इस्राएलमधलं लोद, तेल अवीवच्या विमानतळाला लागून असलेलं. मग याजूज-माजूज, सूर्य पश्चिमेकडून उगवणं, आणि शेवटी कयामतची तुतारी.

कल्कीशी तुलना करायला हरकत नाही, पण ती फार लांब जात नाही. महदी अवतार नाही; देव माणसाच्या रूपात येतो ही कल्पनाच इस्लामला मान्य नाही. तो नबी म्हणजे प्रेषितही नाही, त्याच्यावर वही, म्हणजे ईश्वरी संदेश, उतरत नाही. पैगंबरांची मुलगी फातिमा, तिच्या वंशातला एक माणूस, इतकंच. आकाशातून उतरायचं काम ईसांचं. आणि कल्कीनंतर सत्ययुग येतं, चाक पुन्हा फिरायला लागतं. इथे महदीनंतर थोडे दिवस बरे जातात आणि मग सगळं संपतं.

आता मोबाइलवरच्या यादीकडे येतो. मागे एक जुना विद्यार्थी घरी आला, फोन पुढे केला आणि म्हणाला, “सर, आता तरी मानाल का?” फोटो बुर्ज खलिफाचा. खाली उर्दूत, ‘अनवाणी, उघडेवाघडे मेंढपाळ उंच इमारती बांधण्यात चढाओढ करतील.’ हदीस खरंच आहे, प्रसिद्ध आहे. देवदूत जिब्रील माणसाच्या रूपात येऊन पैगंबरांना प्रश्न विचारतात, त्यातलं. मी त्याला म्हटलं, “अरे, याच्या आधीची ओळ कुठे आहे?” कारण जिब्रीलनी विचारलं, ती घटका कधी? तेव्हा पैगंबर म्हणाले, ज्याला विचारताय त्याला विचारणाऱ्यापेक्षा जास्त माहीत नाही. त्यानंतर खुणा आल्या. ‘मला माहीत नाही’ एवढं वाक्य कापून खुणा तेवढ्या ठेवल्या की फॉरवर्ड तयार होतो. माझ्याकडे आलेल्या अशा जवळजवळ प्रत्येक यादीत ही कात्री चाललेली दिसली आहे.

पण यादीपेक्षा मला जास्त रस आहे तो एका वेगळ्या तपशिलात. अबू दाऊदकडे एक कथन असं आहे: जगाचा एकच दिवस उरला तरी अल्लाह तो दिवस लांबवील आणि माझ्या घराण्यातला एक माणूस उभा करील, ज्याचं नाव माझ्या नावासारखं आणि ज्याच्या बापाचं नाव माझ्या बापाच्या नावासारखं असेल. म्हणजे मुहम्मद बिन अब्दुल्लाह. मुसलमान जगात याहून सर्वसाधारण नाव शोधून सापडायचं नाही. आणि या अर्ध्या ओळीने गेली तेराशे वर्षं जे काही घडवलं, ते पाहिलं की विषय नीट उलगडतो.

सुरुवात मदिनेपासून. इ.स. ७६२ मध्ये अली-फातिमेच्या वंशातल्या मुहम्मद बिन अब्दुल्लाहने, ज्याला लोक ‘नफ्स जकिय्या’ म्हणजे शुद्धात्मा म्हणत, अब्बासी खलिफा मन्सूरविरुद्ध बंड केलं. नाव जुळतं, बापाचं नाव जुळतं, वंशही जुळतो. लोक म्हणाले, हाच महदी. काही महिन्यांत तो मारला गेला. गंमत पुढे आहे. खलिफा मन्सूरचं स्वतःचं नाव अब्दुल्लाह, आणि मुलाचं नाव मुहम्मद. त्याने या मुलाला पदवी दिली अल-महदी. म्हणजे बंडखोराचं शस्त्र उचलून स्वतःच्या म्यानात घातलं. हा महदी ७७५ ते ७८५ गादीवर होता. हरून अल रशीदचा बाप म्हणून आपल्याला माहीत असतो. त्याच्या काळात जग न्यायाने भरल्याची नोंद नाही. अब्बासी स्वतः सत्तेवर आले तेही खुरासानातून काळे झेंडे घेऊन, आणि ‘खुरासानातून काळे झेंडे निघाले की’ अशी हदीस आजही फिरतात. अबू दाऊद वारले ८८९ मध्ये, म्हणजे हे सगळं होऊन शंभरावर वर्षं लोटल्यावर. झेंडे आधी की कथन आधी, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायलाच हवा.

हा प्रश्न मी आजचा शहाणा म्हणून विचारतोय असं नाही. ट्यूनिसचा इब्न खल्दून, चौदाव्या शतकातला, इतिहासशास्त्राचा बाप म्हणतात तो, त्याने ‘मुकद्दिमा’त महदीच्या एकेका हदीसची सनद, म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी, तपासली आणि बहुतेकांत खोट काढली. ‘बापाचं नाव’वाल्या कथनाच्या साखळीत कूफ्याचा आसिम नावाचा रावी, म्हणजे कथन सांगणारा, आहे. हदीस आठवून सांगण्यात त्याची स्मरणशक्ती भरवशाची नव्हती, असा जुन्या परीक्षकांचा शेरा इब्न खल्दून पुढे ठेवतो. हा आसिम कोण? तर ज्याच्या पाठाप्रमाणे आज जगातल्या बहुतेक कुराणाच्या प्रती छापल्या जातात तोच. भेंडीबाजारातून तुम्ही कुराण घेतलंत तर ते आसिमच्या पाठाचं, हफ्सने त्याच्याकडून घेतलेलं. कुराणपठणात त्याचा शब्द अखेरचा, हदीसमध्ये त्याच्यावर प्रश्नचिन्ह. दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल, आणि मुसलमान विद्वानांना त्यात कधी विसंगती वाटली नाही. विद्या वेगळी, कसोटी वेगळी. इब्न खल्दूनचा दुसरा मुद्दा सरळ राजकारणाचा आहे. पाठीशी भाऊबंदांचं, टोळीचं बळ नसेल तर महदी म्हणवून उठणारा माणूस फुकट मरतो. असे लोक त्याने मगरिबात, म्हणजे वायव्य आफ्रिकेत, डोळ्यांसमोर पाहिले होते. अर्थात नंतरच्या सुन्नी विद्वानांनी इब्न खल्दूनचं हे मत फारसं स्वीकारलं नाही. एकेक कथन कच्चं असलं तरी सगळी मिळून खरी ठरतात, अशी त्यांची भूमिका राहिली.

शियांकडे ‘बापाचं नाव’ ही अडचणच नाही, कारण ते तेवढे शब्द मान्य करत नाहीत. त्यांचा महदी मुहम्मद बिन हसन, बारावा इमाम. बाप अकरावा इमाम हसन अस्करी, इराकमधल्या सामर्रा इथे ८७४ मध्ये वारले. मुलगा लहान, लोकांपासून लपलेला. पुढची सुमारे सत्तर वर्षं एकामागून एक चार नायब त्याचे निरोप आणत राहिले. चौथा नायब ९४१ मध्ये मरायला टेकला तेव्हा इमामाचं शेवटचं पत्र आलं, असं परंपरा सांगते: तुझ्यानंतर कोणाला नेमू नकोस, आणि ठरलेल्या खुणांच्या आधी मला भेटल्याचं जो सांगेल तो खोटारडा. याच्या जोडीला इमामांच्या नावे आणखी एक वचन आहे, वेळ ठरवून सांगणारे खोटे बोलतात. हा इतका पक्का अडसर मला दुसऱ्या कुठल्या परंपरेत दिसलेला नाही. वाट पाहा, पण दार वाजवलं म्हणून कोणी सांगत आला तर उघडू नका.

वाट पाहणं किती अक्षरशः असू शकतं, ते इब्न बतूताने लिहून ठेवलंय. तोच, जो पुढे दिल्लीत मुहम्मद तुघलकाचा काझी झाला. १३२७ मध्ये तो इराकमधल्या हिल्ला शहरात होता. तिथे एका मशिदीच्या दारावर रेशमी पडदा सोडलेला. रोज असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर शंभरेक माणसं हत्यारं लावून, नंग्या तलवारी घेऊन शहराच्या अमीराकडे जात, खोगीर घातलेला, लगाम लावलेला एक घोडा किंवा खेचर घेत, ढोल-कर्णे वाजवत त्या दारापाशी येत आणि हाक मारत: बिस्मिल्ला, हे युगाच्या मालका, बाहेर ये, जुलूम फार माजलाय. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, नमाजापर्यंत तिथेच उभं राहायचं. मग घोडा परत. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

घोडा आज नाही, पत्र आहे. शाबान महिन्याची पंधरावी रात्र बाराव्या इमामाची जन्मरात्र. आपल्याकडे सुन्नी याच रात्री शबे-बारात करतात, कबरस्तानात दिवे-अगरबत्त्या लावतात, घरी हलवा होतो. त्याच रात्री शिया घरांत अरीजा लिहिला जातो, म्हणजे इमामाला अर्ज. आजार, नोकरी, मुलीचं लग्न, काय ते लिहायचं, बऱ्याचदा केशराच्या शाईने, कणकेच्या गोळ्यात गुंडाळायचं आणि पहाटे नदीत, तळ्यात किंवा समुद्रात सोडायचं. इराणात कुमजवळ जमकरानच्या मशिदीत त्यासाठी विहीर आहे. आणि त्याच इराणच्या राज्यघटनेचं पाचवं कलम सांगतं की युगाचे इमाम दृष्टीआड असेतोवर राज्याची धुरा न्यायी फकीहाकडे, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकाराकडे. म्हणजे आयातुल्लांची सत्ता कायद्याच्या भाषेत तात्पुरती आहे. मालक परत येईपर्यंतची दिवाणगिरी. खोमेनींच्या आधी शतकानुशतकं बहुतेक शिया उलमा उलट म्हणत होते: इमाम येईपर्यंत राज्यकारभारात हात घालू नये. वचनं तीच होती.

मुंबईकरांना शेजारी असूनही माहीत नसतं म्हणून सांगतो. दाऊदी बोहऱ्यांचा इमाम वेगळा. त्यांचे एकविसावे इमाम तय्यब बाराव्या शतकात पडद्याआड गेले, तो वंश गुप्तपणे चालू आहे आणि त्याच्या वतीने दाई, म्हणजे धर्मप्रमुख, काम पाहतो. या दाईंचं ठाणं आज मुंबईत आहे. आगाखानी खोजांचा इमाम मात्र हयात, दिसणारा. आणि त्यांच्याच निजारी पूर्वजांनी इराणातल्या अलमूत किल्ल्यावर ११६४ च्या रमजानात, भर दुपारी, कयामत आली असं जाहीर करून टाकलं होतं. मिंबर, म्हणजे प्रवचनाचं आसन, अशा बेताने ठेवला की लोकांची पाठ मक्केकडे, आणि रोजे सोडून मेजवानी. शेवटचा दिवस आला आणि संध्याकाळी भांडी घासायला घ्यावी लागली, असा दुसरा प्रसंग मला इतिहासात आठवत नाही.

आता आपल्या गावची गोष्ट, जी महाराष्ट्रात फार थोड्यांना ठाऊक आहे.

जौनपूरचे सय्यद मुहम्मद, जन्म १४४३. विद्वान, विरक्त, बोलणं असं की ऐकणारा घरदार सोडून मागे यायचा. माळव्या-गुजरातेतून फिरत ते दख्खनेत आले. दौलताबाद, नुकतंच वसलेलं अहमदनगर, बीदर, गुलबर्गा करत दाभोळ बंदरातून मक्केच्या जहाजात बसले, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. आमच्या आजीला दज्जाल माहीत होता. महदी म्हणवून घेणारा माणूस आमच्याच खाडीच्या तोंडातून जहाजात बसला होता, हे मला फारसी शिकल्यावर कळलं. हिजरी ९०१ मध्ये मक्केत आणि पुढे गुजरातेत पाटणजवळ बडलीला हिजरी ९०५ मध्ये त्यांनी आपण महदी असल्याचं जाहीर केलं. विरोधकांनी पहिला आक्षेप कोणता घेतला असेल? बापाचं नाव! तुमच्या वडिलांना लोक सय्यद खान म्हणत, अब्दुल्लाह नव्हे. अनुयायांचं उत्तर, सय्यद खान ही पदवी, नाव अब्दुल्लाहच. हा वाद पाचशे वर्षं चालू आहे.

सय्यद मुहम्मदांनी तलवार उपसली नाही. एका राज्यातून दुसऱ्यात हाकलले जात ते अफगाणिस्तानातल्या फराहला १५०५ मध्ये वारले. मागे राहिले त्यांचे दायरे, म्हणजे कुंपण घातलेल्या वस्त्या. दायऱ्यात जे काही दान येईल ते सगळ्यांत सारखं वाटायचं, याला सवियत म्हणत. उद्यासाठी साठवायचं नाही, जिक्र म्हणजे अल्लाहचं नामस्मरण करायचं. विणकर, शिपाई, सरदार सगळे एका पंगतीला. महदवींकडे लोक का ओढले गेले, याचं उत्तर मला शेवटच्या काळाच्या भाकितांत फारसं सापडत नाही. या वाटपात सापडतं. सूर बादशहा इस्लामशहाच्या दरबारात बयानाच्या महदवी शेख अलाईला फटके मारून ठार केलं, १५५० च्या सुमारास. त्याच्या हकिकती वाचताना दिसतं की दरबारी मुल्लांना राग त्याच्या श्रद्धेचा होता त्याहून जास्त त्याच्या तोंडी असलेल्या टीकेचा होता.

आणि मग १५८९. अहमदनगरला निजामशाहीत काही महिन्यांचा गोंधळ. मुलगा बापाला मारून गादीवर बसला, मिर्झा खान नावाच्या सरदाराने त्याला मारलं, आणि त्या गोंधळात जमाल खान पुढे आला. हा दख्खनी सैन्याचा पुढारी आणि पक्का महदवी. त्याने इस्माईल नावाच्या पोरसवदा राजपुत्राला गादीवर बसवलं आणि महदवी पंथ राज्याचा पंथ केला. भुईकोट किल्ल्याच्या त्या शहरात दोन वर्षं खुत्बा, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाचं प्रवचन, महदवींच्या मताने चालला. पण याला निव्वळ धर्मवेड म्हणून चालणार नाही. निजामशाही पहिल्या बुऱ्हाणशहापासून शिया झाली होती, दरबारात इराणी आफाक्यांचं, म्हणजे बाहेरून आलेल्यांचं, वजन, आणि दख्खनी-हबशी शिपाई त्यांच्यावर जळलेले. जमाल खानाच्या माणसांनी शहरात आफाक्यांची कत्तल केली. इतिहासकार फिरिश्ता तेव्हा नगरलाच नोकरीत होता, शिया होता, पळून विजापूरला गेला. आपल्याला ही हकिकत मुख्यतः त्याच्याकडून कळते, तेव्हा जमाल खानाचं त्याने काढलेलं चित्र थोडं राखूनच घ्यावं.

शेवट बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडला झाला. पोरग्या राजाचा बाप बुऱ्हाण अकबराच्या आश्रयाला होता. तो खानदेशच्या राजा अली खानाची फौज घेऊन मुलाविरुद्ध आला. विजापूरचं सैन्य दुसरीकडून. जमाल खानाने धाराशिवला विजापूरकरांना हरवलं, तसाच वऱ्हाडात वळला, आणि १५९१ च्या उन्हाळ्यात रोहिणखेडच्या लढाईत गोळी लागून पडला. हिजरी साल ९९९. हजार भरायला काही महिने बाकी होते. त्या हजारावर तेव्हा सगळ्या हिंदुस्थानाचे डोळे होते. अकबराने ‘तारीखे अल्फी’ म्हणजे हजार वर्षांचा इतिहास लिहायला घेतला होता, नाण्यांवर ‘अल्फ’ पाडलं होतं. रोहिणखेडनंतर बुऱ्हाणने शिया पंथ परत आणला. मी दोनदा रोहिणखेडला जाऊन आलो. लढाई कुठे झाली असं विचारलं तर दोन्ही वेळा लोकांनी मला चहा पाजला आणि मशीद दाखवली; जमाल खानाचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं.

शतकाचा आकडा हा नावानंतरचा दुसरा चुंबक. दर शतकाच्या तोंडावर अल्लाह धर्म ताजा करणारा कोणी पाठवतो, असं एक हदीस आहे, त्यामुळे हिजरी शतक वळलं की माणसं आजूबाजूला पाहू लागतात. इराणात बाब म्हणवणाऱ्या धर्मपुरुषाने दावा केला हिजरी १२६० मध्ये, बारावा इमाम दृष्टीआड गेल्याला बरोबर हजार चांद्रवर्षं झाली तेव्हा. अहमदी पंथाच्या मिर्झा गुलाम अहमदांनी १८९१ मध्ये कादियानला. त्यांच्या नावात ‘मुहम्मद बिन अब्दुल्लाह’ बसत नाही, म्हणून तिथे नावाचा अर्थ लाक्षणिक घेतला गेला. खूण म्हणून १८९४ च्या रमजानात झालेली चंद्र आणि सूर्याची दोन्ही ग्रहणं दाखवली गेली. सुदानचा महदी १८८१ चा, तेराव्या शतकाच्या अखेरीचा. मुहम्मद अहमद, बाप अब्दुल्लाह, धंदा होड्या बांधण्याचा. त्याने चार वर्षांत खार्टूम घेतलं, जनरल गॉर्डन मारला गेला, आणि पाच महिन्यांनी महदी स्वतः आजाराने वारला. त्याच्या माणसांशी लढायला सुआकिन बंदरावर ज्या हिंदी पलटणी नेल्या त्यांत २८ वी बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीही होती. त्याचा पणतू सादिक अल-महदी पुढे सुदानचा पंतप्रधान झाला, निवडणुकीने.

पण नाव आणि आकडा एकत्र आले ते मक्केत. हिजरी १४०० चा पहिला दिवस, १ मुहर्रम, म्हणजे २० नोव्हेंबर १९७९. फज्रचा नमाज नुकता झालेला. जुहैमान अल-उतैबी नावाचा सौदी नॅशनल गार्डमधला माजी शिपाई आणि त्याचे काहीशे साथी हरममध्ये, म्हणजे काबागृहाभोवतीच्या मोठ्या मशिदीत, उभे राहिले. मयताच्या पेट्यांतून त्यांनी बंदुका आत आणल्या होत्या. रोज कोणा ना कोणाचं मयत जनाजाच्या नमाजासाठी तिथे येतंच, त्यामुळे पेटी कोण उघडून बघणार. दरवाजांना साखळ्या पडल्या. लाउडस्पीकरवरून सांगितलं गेलं, महदी आले आहेत, यांचं नाव मुहम्मद बिन अब्दुल्लाह अल-कहतानी. हा जुहैमानचा मेहुणा. साथीदारांपैकी अनेकांना तो स्वप्नात काबागृहापाशी बैअत घेताना दिसला होता, आणि एवढ्या लोकांना एकच स्वप्न पडतं म्हणजे ते खरंच, असं त्यांनी धरलं. नाव जुळत होतं, बापाचं नाव जुळत होतं, शतक वळत होतं.

मग त्यांनी वाट पाहिली. कारण आणखी एका हदीसप्रमाणे महदीवर चालून येणारी फौज वाळवंटात जमिनीत गडप होणार होती. फौज आली, ती गडप झाली नाही. कहतानीला आपण मरणार नाही अशी खात्री होती. अंगावर पडणारे हातगोळे उचलून तो परत फेकत होता असं वाचलेले लोक सांगत. त्यातल्याच एकाने तो गेला. बाहेर रियाधच्या उलमांनी हरममध्ये हत्यार चालवायला फतवा दिला, वेढा दोन आठवडे चालला, आणि जानेवारी १९८० मध्ये ६३ जणांची वेगवेगळ्या शहरांत मुंडकी उडवली गेली. हे करणारे अडाणी नव्हते. हदीसचा अभ्यास केलेली माणसं होती ती, आमच्या त्या फोनवाल्या विद्यार्थ्यापेक्षा कितीतरी जास्त. त्यांच्याही यादीतून जिब्रीलच्या प्रश्नाचं ते उत्तर गळलं होतं.

इसिसबद्दल थोडक्यात. रोमनांशी शेवटची लढाई अमाक किंवा दाबिकला होईल, असं मुस्लिमच्या संग्रहात आहे. दाबिक हे सीरियात हलब (अलेप्पो) शहराजवळचं खेडं. २०१४ मध्ये त्यांनी ते घेतलं, मासिकाला त्याच गावाचं नाव दिलं. २०१६ च्या ऑक्टोबरात तुर्कस्तानच्या मदतीने आलेल्या बंडखोरांनी गाव परत घेतलं, फारशी लढाईही झाली नाही. मासिकाचं नाव महिनाभर आधीच बदललेलं होतं.

आणि गजवा-ए-हिंद. हे कथन नसाईच्या संग्रहात आणि मुसनद अहमदमध्ये आहे, बुखारी-मुस्लिममध्ये नाही. एक साखळी कच्ची मानतात, दुसरी काही जण पक्की धरतात. ‘हिंदवर स्वारी करणारी एक तुकडी’ एवढाच त्याचा गाभा. कधी, कोणाविरुद्ध, कोणत्या राज्याची, काही नाही. सिंधवरच्या आठव्या शतकातल्या स्वाऱ्यांत ते होऊन गेलं, असं मानणारे उलमा आहेत. पाकिस्तानातल्या जिहादी संघटनांनी त्याचा झेंडा केला तो गेल्या काही दशकांत. आपल्याकडे हे शब्द आता मुसलमानांपेक्षा मुसलमानांची भीती घालणारे जास्त वापरतात, हे मी रोज फोनवर पाहतो. दोन्ही बाजूंचे फॉरवर्ड शेजारी ठेवले तर हदीस एकच, अर्धवटही तितकंच.

तुम्हाला पुढचा असा मेसेज आला तर मी काय करतो ते सांगतो. हदीस कोणत्या संग्रहातलं ते शोधतो, त्याच्यापुढे सही (पक्कं), हसन (बरं), जईफ (कच्चं) यांपैकी कोणता शिक्का आहे ते पाहतो, मग मूळ कथन पूर्ण वाचतो, विशेषतः पहिल्या दोन ओळी. बहुतेक वेळा काम तिथेच संपतं. आणि मेसेजमध्ये कोणाचं नाव असेल, त्याच्या बापाचंही असेल, तर मी मेसेज पाठवणाऱ्यालाच विचारतो, “हे नाव तुला कोणी दिलं?” त्या विद्यार्थ्याला हेच विचारलं होतं. तो म्हणाला, “ग्रुपवर आलं, सर.” ग्रुप त्याच्या मेहुण्याचा होता.